आरोपीचे निवेदन आणि शिक्षेचे मोजमाप : १९०८ व १९२२ च्या राजद्रोह खटल्यांचा पुनर्विचार

प्रस्तावना

न्यायालयात आरोपीने केलेल्या निवेदनाचा न्यायाधीशाच्या शिक्षाविषयक निर्णयावर कितपत परिणाम होतो, हा प्रश्न सामान्यतः विधिशास्त्राच्या अभ्यासकांचा मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकानेही त्याकडे लक्ष देण्याचे कारण असे की, आधुनिक भारताच्या राजकीय इतिहासातील काही अत्यंत प्रभावी भाषणे सभामंचावरून नव्हे, तर आरोपीच्या पिंजऱ्यातून झाली. लोकमान्य टिळकांचे मुंबई उच्च न्यायालयातील २२ जुलै १९०८ चे निवेदन आणि महात्मा गांधींचे अहमदाबाद येथील १८ मार्च १९२२ चे निवेदन ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होत. या दोन्ही निवेदनांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बहुतांश लेखन निवेदनातील धैर्य, तेजस्विता व वक्तृत्व यांचा गौरव करणारे आहे. न्यायाधीशाने त्या निवेदनाचे नेमके काय केले, हा प्रश्न बहुधा बाजूस राहिला. टिळकांच्या बाणेदारपणामुळे न्या. दावर चिडले व गांधींच्या सौजन्याने न्यायाधीश ब्रूमफील्ड हेलावले, असे एक सुटसुटीत चित्र पाठ्यपुस्तकांतून व व्याख्यानांतून रूढ झाले आहे. दोघांनाही शिक्षा सहाच वर्षांची झाली, ही वस्तुस्थिती या चित्रात बसत नाही. ती का बसत नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

कलम १२४-अ आणि शिक्षेचा पल्ला

राजद्रोहाचे कलम १२४-अ भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये समाविष्ट झाले. मुंबई इलाख्यात त्याचा पहिला मोठा प्रयोग १८९७ मध्ये टिळकांवरच झाला. त्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीस मार्गदर्शन करताना ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला. सरकारविषयी प्रेम नसणे व ते नसल्याची भावना इतरांत निर्माण करणे एवढ्यावर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असा या अर्थाचा रोख होता. नऊपैकी सहा ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरविले आणि १४ सप्टेंबर १८९७ रोजी त्यांना अठरा महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. मॅक्समुल्लर प्रभृतींच्या अर्जानंतर सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अप्रीती’मध्ये द्रोहभावना व शत्रुत्वाच्या सर्व भावना अंतर्भूत करण्यात आल्या, तसेच कलम १५३-अ नव्याने घालण्यात आले.

या कलमातील शिक्षेची रचना ध्यानात घेतल्याशिवाय पुढील दोन्ही निकाल समजत नाहीत. जन्मभर काळे पाणी किंवा त्याहून कमी कोणत्याही मुदतीचे काळे पाणी. अथवा तीन वर्षांपर्यंत कैद. अथवा केवळ दंड, असे पर्याय न्यायाधीशापुढे खुले होते. म्हणजे एकाच लेखाबद्दल न्यायाधीश काही रुपये दंडही करू शकत होता आणि आरोपीस आयुष्यभरासाठी समुद्रापारही धाडू शकत होता. एवढा विस्तीर्ण पल्ला कायद्याने दिला, पण तो वापरण्याचे गमक मात्र दिले नाही. अशा स्थितीत आरोपीच्या शब्दाला मोठा वाव असावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे.

१९०८ : एकवीस तास आणि काही वाक्ये

‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) या ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना २४ जून १९०८ रोजी मुंबईत अटक झाली. जामिनासाठी बॅ. जिना यांनी युक्तिवाद केला, न्या. दिनशा दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ मध्ये वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे उभे राहिले होते आणि त्या वेळी जामीन मिळाला होता. या योगायोगाची चर्चा तेव्हापासून आजतागायत होत आली आहे. शिक्षेच्या प्रश्नावर तिचा प्रकाश फारसा पडत नाही.

खटला १३ जुलै रोजी सुरू झाला. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला व ज्यूरीपुढे एकूण एकवीस तास दहा मिनिटे भाषण केले. येथे एक भेद काटेकोरपणे करावा लागतो, कारण लोकप्रिय लेखनात तो नेहमी पुसला जातो. हे दीर्घ भाषण शिक्षेविषयी नव्हते. ते ज्यूरीस उद्देशून होते आणि निर्दोष ठरणे हाच त्याचा हेतू होता. राजद्रोहाच्या कायद्याचा इंग्लंडमधील इतिहास, वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य, बॉम्बप्रकरणी अँग्लो-इंडियन पत्रांनी केलेले लेखन आणि मूळ मराठी शब्दांच्या भाषांतरातील दोष असा त्याचा विस्तार होता. ज्यूरीपुढे मूळ ‘केसरी’ नव्हता, त्याची इंग्रजी छाया होती. आणि त्या छायेवरून मराठी वाचकाच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याचा निर्णय ज्यूरीस करावयाचा होता. टिळकांची ही तक्रार निव्वळ वकिली डावपेच नव्हती. भाषांतराच्या प्रश्नावर त्यांनी घालविलेला वेळ पाहता, खटल्याचा खरा कच्चा दुवा त्यांना अचूक दिसला होता, असेच म्हणावे लागते.

२२ जुलै रोजी भाषण संपले, ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांचे उत्तर झाले, न्यायमूर्तींचे ज्यूरीस मार्गदर्शन झाले आणि रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळकांना दोषी ठरविले. त्यानंतर, शिक्षा सुनावण्यापूर्वी काही सांगावयाचे आहे काय, अशी पृच्छा झाली. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत इंग्लंडच्या ज्यूरी-खटल्यांच्या रिवाजानुसार हा प्रश्न विचारला जाई. शिक्षेच्या अंगाने पाहता टिळकांचे ‘निवेदन’ ते हेच : ज्यूरीने काहीही ठरविले असले तरी आपण निर्दोष आहोत, मनुष्यांच्या व राष्ट्रांच्या भवितव्यावर सत्ता चालविणाऱ्या श्रेष्ठ शक्ती आहेत आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या क्लेशांनीच आपले कार्य अधिक फोफावावे, अशी ईश्वरी इच्छा असू शकेल, एवढाच त्याचा आशय. बोलण्यास एक मिनिटही लागले नसेल. या निवेदनात दयेची याचना नाही, पश्चात्ताप नाही आणि न्यायमूर्तींवर आरोपही नाही. दावर यांच्या अधिकारकक्षेला ते स्पर्शच करीत नाही. त्या कक्षेच्या वर आणखी एक कक्षा आहे, असे सांगून थांबते.

दावर यांनी त्यानंतर लगेच शिक्षा सुनावली. त्यांच्या भाषणातील कारणांची छाननी केली असता तीन मुद्दे आढळतात. पहिला, लेखांचे स्वरूप : ते राजद्रोहाने भरलेले असून अशा लेखनास चळवळीचे सनदशीर साधन म्हणणे हे विकृत बुद्धीचे लक्षण आहे. दुसरा, पूर्वीची शिक्षा : १८९७ मध्ये आरोपीस सौम्यपणे वागविले गेले, तथापि त्याचा उपयोग झाला नाही. तिसरा, आरोपीचे वय व इतर परिस्थिती : तो प्रेम करीत असल्याचे सांगतो त्या देशातून त्याने काही काळ दूर असणे हेच देशाच्या हिताचे. जन्मभर काळे पाणी देण्याचा अधिकार असूनही आपण देत असलेली शिक्षा अस्थानी दया मानली जाईल, असेही त्यांनी बोलून दाखविले. १२४-अ खालील दोन आरोपांबद्दल प्रत्येकी तीन वर्षे काळे पाणी, एकापाठोपाठ एक भोगण्यासाठी, आणि १५३-अ खाली एक हजार रुपये दंड, अशी ती शिक्षा होती.

या तीन कारणांत टिळकांच्या अखेरच्या निवेदनाचा मागमूस नाही, ही बाब महत्त्वाची आहे. दावर यांची कठोर भाषा त्या निवेदनाची प्रतिक्रिया होती, हे मत पुराव्यावर टिकत नाही. त्यांचा रोष आहे तो लेखांवर आणि त्या लेखांचे समर्थन करणाऱ्या दीर्घ युक्तिवादावर. म्हणजे निवेदनाचा काही परिणाम शोधावयाचाच असेल, तर तो एकवीस तासांच्या बचावाचा मानावा लागेल. आणि तोही उलट दिशेचा. आपले लिखाण वैध आहे असे इतक्या विस्ताराने प्रतिपादणारा आरोपी पश्चात्तापदग्ध मानला जाणे शक्य नव्हते. वयाचा विचारही पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या दिवशी, २३ जुलै रोजी, टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होणार होती. एरवी शिक्षा सौम्य करण्यासाठी येणारे वय येथे हद्दपारीच्या समर्थनाच्या वाक्यातच येऊन बसले आहे.

निवेदनाचा परिणाम न्यायालयाबाहेर झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या निषेधार्थ सहा दिवस संप केला. न. चिं. केळकर यांनी खटल्याचा संपूर्ण वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला आणि त्यायोगे ती चार वाक्ये देशभर पोचली. याच खटल्यावरील लेखनामुळे केळकरांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षाही भोगावी लागली. टिळकांना त्या रात्रीच साबरमतीच्या तुरुंगाकडे रवाना करण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये मंडालेस नेण्यात आले. दरम्यान सरकारने काळ्या पाण्याचे रूपांतर साध्या कैदेत केले. हे रूपांतर न्यायमूर्तींनी केलेले नव्हते, शासनाने केले होते. पुढील विवेचनासाठी हा तपशील निर्णायक ठरतो.

१९२२ : कबुली, आणि जास्तीत जास्त शिक्षेची मागणी

चौरीचौरा येथील फेब्रुवारी १९२२ च्या घटनेनंतर गांधींनी सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. १० मार्च रोजी त्यांना व ‘यंग इंडिया’चे प्रकाशक शंकरलाल बँकर यांना अटक झाली. आरोप ‘यंग इंडिया’तील तीन लेखांवरून होता. १८ मार्च रोजी अहमदाबादच्या शाहीबागेतील सर्किट हाऊसमध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश रॉबर्ट ब्रूमफील्ड यांच्यापुढे सुनावणी झाली. गांधींनी तिन्ही आरोप कबूल केले. ॲडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांची मागणी संपूर्ण खटला चालविण्याची होती. न्यायाधीशांनी ती मान्य न करता कबुलीवरून दोषनिश्चिती केली. त्यामुळे त्या दिवशी वादाचा प्रश्न एकच उरला, तो शिक्षेचा. भारतीय राजद्रोह खटल्यांत इतकी निखळ शिक्षाविषयक सुनावणी क्वचितच झाली असेल.

स्ट्रँगमन यांनी शिक्षेच्या संदर्भात मुंबई, मद्रास व चौरीचौरा येथील हिंसाचार विचारात घ्यावा, अशी विनंती केली. येथे आरोपीने वकिली चौकट मोडली. लेखी निवेदन वाचण्यापूर्वी गांधींनी तोंडी सांगितले की, ॲडव्होकेट जनरलांचे म्हणणे रास्त आहे. या घटनांच्या जबाबदारीतून आपणास अंग काढून घेता येत नाही. आपण आगीशी खेळत आहोत हे आपणास ठाऊक होते. आपणास सौम्य नव्हे, तर कायद्यातील जास्तीत जास्त शिक्षा व्हावी. न्यायाधीशापुढे दोनच मार्ग आहेत, राजीनामा देणे अथवा कठोरतम शिक्षा करणे, असेही त्यांनी मांडले. शिक्षा वाढविणाऱ्या परिस्थितीविषयी फिर्यादी पक्षाने काढलेला मुद्दा आरोपीनेच उचलून धरला, असे उदाहरण कोणत्याही देशाच्या न्यायालयीन इतिहासात शोधावे लागेल.

लेखी निवेदन हे आत्मचरित्रात्मक आहे. १८९३ मधील दक्षिण आफ्रिकेचा अनुभव, बोअर युद्धातील व झुलू बंडाच्या वेळची शुश्रूषा पथके, १९१४ मधील लंडनचे व १९१८ मधील खेड्याचे सैन्यसाहाय्य. आणि नंतर रौलट कायदा व जालियनवाला बाग यांनी बसलेले धक्के, असा एका राजनिष्ठाचा राजद्रोही होईपर्यंतचा प्रवास त्यात आहे. यातील एक विधान विधीच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. १२४-अ हे नागरिकांचे स्वातंत्र्य दडपण्यासाठी योजलेल्या राजकीय कलमांमधील अग्रणी होय, असे सांगून गांधी म्हणतात की प्रीती ही कायद्याने निर्माण करता येत नाही वा तिचे नियमनही करता येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी न्या. स्ट्रॅचींनी मुंबईत ‘अप्रीती’चा जो अर्थ लावला होता, त्याला हे थेट उत्तर आहे. टिळकांनी १९०८ मध्ये आपल्या लेखांनी अप्रीती उत्पन्न होत नाही, असे सिद्ध करण्यासाठी दिवसच्या दिवस खर्ची घातले. गांधींनी अप्रीती मान्य केली आणि ती गुन्हा कशी, एवढेच विचारले.

ब्रूमफील्ड यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते, यात शंका नाही. कायदा व्यक्ती पाहत नसला तरी आपण आजवर ज्यांचे खटले चालविले वा पुढे चालवू, त्या सर्वांपेक्षा हा आरोपी वेगळ्या कोटीतील आहे, अशी नोंद त्यांनी केली. त्यानंतर ते टिळकांच्या खटल्याकडे वळले. हा खटला सुमारे बारा वर्षांपूर्वीचा, असे त्यांनी म्हटले. वास्तविक त्याला जवळजवळ चौदा वर्षे झाली होती. मात्र त्यापुढील शब्द त्यांनी नेमका योजला : ती शिक्षा *अखेरीस कायम राहिली* त्या स्वरूपात सहा वर्षे साध्या कैदेची होती. टिळकांच्या पंक्तीस बसविले जाणे गांधींना गैर वाटणार नाही, असे म्हणून त्यांनी प्रत्येक आरोपाबद्दल दोन वर्षे, एकूण सहा वर्षे, साधी कैद फर्मावली. घटनाक्रम असा वळला की सरकारला मुदत कमी करणे शक्य होईल, तर आपल्याइतका आनंद कोणासही होणार नाही, असेही त्यांनी जोडले.

येथील अंकगणित पाहण्यासारखे आहे. टिळकांवर १२४-अ खालील आरोप दोन होते, प्रत्येकी तीन वर्षे धरून सहा झाली. गांधींवर आरोप तीन होते, प्रत्येकी दोन वर्षे धरून सहा झाली. न्यायाधीशाने प्रत्येक लेखाचे गांभीर्य तोलून मग बेरीज केली असती, तर ती नेमकी सहाच यावी हा विलक्षण योगायोग ठरला असता. सहाचा आकडा आधी ठरला आणि त्याला तिनाने भागण्यात आले, हाच निष्कर्ष अधिक सयुक्तिक वाटतो. शिक्षेची मुदत दावर यांच्या निकालातून आली. शिक्षेचा प्रकार, म्हणजे साधी कैद, दावर यांच्या निकालातूनही आला नाही. तो १९०८ मध्ये शासनाने केलेल्या रूपांतरातून आला. गांधींनी मागितलेली जास्तीत जास्त शिक्षा त्यांना मिळाली नाही आणि सौम्य शिक्षा तर त्यांनी मागितलीच नव्हती. दोन्ही दिशांनी पाहिले तरी त्यांच्या निवेदनाने आकडा हलला, असे दाखविता येत नाही.

सहआरोपी बँकर यांचे उदाहरण याला पूरक आहे. त्यांनीही गुन्हा कबूल केला, परंतु त्यांचे निवेदन अवघ्या एक-दोन वाक्यांचे होते. ते बव्हंशी आपल्या प्रमुखाच्या प्रभावाखाली होते, असे कारण देऊन न्यायाधीशांनी त्यांना एक वर्ष साधी कैद व एक हजार रुपये दंड केला. शिक्षेतील हा फरक दोघांच्या भूमिकेतील फरकातून आला. कोण किती बोलला, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मग गांधींच्या निवेदनाचा ब्रूमफील्ड यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही काय? झाला, तो निकालाच्या भाषेवर झाला. दावर यांनी आरोपीच्या बुद्धीस विकृत म्हटले, ब्रूमफील्ड यांना त्याच कलमाखाली तसे म्हणता आले नाही. पुरावा, साक्षी, भाषांतराचा वाद यांपैकी काहीच शिल्लक न राहिल्याने न्यायाधीशास आरोपीशी थेट बोलावे लागले, आणि पूर्वाधाराचा आश्रय का घेत आहोत हे उघडपणे सांगावे लागले. शिक्षा कमी होण्याची इच्छा निकालातच नोंदवून त्यांनी तो प्रश्न शासनाच्या हाती सोपविला. प्रत्यक्षात सुटका झाली तीही शासनाच्याच हातून व वेगळ्या कारणाने : जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारी रोजी त्यांना मुक्त करण्यात आले. याच ब्रूमफील्ड यांची पुढे बार्डोलीच्या शेतसाऱ्याच्या चौकशीवर मॅक्सवेल यांच्यासमवेत नेमणूक झाली आणि त्या समितीने शेतकऱ्यांच्या तक्रारीस बव्हंशी दुजोरा दिला. १९२२ च्या निकालातील सौजन्य हे केवळ त्या दिवसाच्या भारावलेपणाचे फलित नसून त्या अधिकाऱ्याच्या स्वभावाचाही भाग असावा, असे यावरून म्हणता येईल.

निवेदन आणि अवधी

१९२९ च्या असेंब्ली बॉम्ब खटल्यात भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी ६ जून रोजी दिलेले संयुक्त निवेदन हेतूच्या प्रश्नाभोवती रचलेले होते : बॉम्ब मोकळ्या जागी टाकले, कोणास ठार मारण्याचा उद्देश नव्हता, बहिऱ्या राज्यकर्त्यांना ऐकू जावे एवढीच इच्छा होती. न्या. मिडलटन यांनी १२ जून रोजी दोघांनाही जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली व जानेवारी १९३० मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने अपील फेटाळले. हेतू उदात्त असला तरी तो शिक्षेच्या मोजमापात धरावयाचा किंवा नाही, याविषयी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया मौन बाळगून होती.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपीचा जबाब घेण्याची तरतूद होती, परंतु तो पुराव्यासंबंधी असे. दोषनिश्चितीनंतर केवळ शिक्षेविषयी आरोपीस ऐकून घेण्याचे बंधन सत्र न्यायालयावर नव्हते. टिळकांना तो प्रश्न विचारला गेला तो रिवाजाने, आणि गांधींना बोलण्यास वाव मिळाला तो कबुलीमुळे व न्यायाधीशाच्या सभ्यतेमुळे. असंख्य अनाम आरोपींना यांपैकी काहीही लाभले नाही. निवेदनाचा परिणाम होण्यासाठी ते ऐकणाऱ्याने आपला निर्णय अद्याप केलेला नसावा लागतो. टिळकांच्या खटल्यात ज्यूरीचा कौल आणि शिक्षा एकाच रात्री उरकले.

ही उणीव १९७३ च्या संहितेच्या कलम २३५(२) ने दूर केली : दोषी ठरविल्यानंतर न्यायाधीशाने आरोपीस शिक्षेच्या प्रश्नावर ऐकून घेतले पाहिजे. संता सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९७६) या प्रकरणात सत्र न्यायाधीशाने अशी सुनावणी न घेताच फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने ही चूक किरकोळ मानली नाही. शिक्षा रद्द करून त्या मुद्द्यावर आरोपीस ऐकण्यासाठी प्रकरण परत पाठविले. बचन सिंग (१९८०) प्रकरणात गुन्ह्याबरोबरच गुन्हेगाराची परिस्थितीही तोलण्याचे तत्त्व आले. तरीही दोषनिश्चिती व शिक्षा एकाच दिवशी, एकाच बैठकीत सुनावण्याची जुनी सवय सुटली नाही. अखेर अल्लाउद्दीन मियाँ विरुद्ध बिहार राज्य (१९८९) या निकालात सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, सर्वसाधारणतः दोषनिश्चितीनंतर प्रकरण पुढील तारखेस ठेवावे आणि दोन्ही पक्षांना शिक्षेसंबंधी आपले म्हणणे मांडण्यास अवसर द्यावा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही सुनावणी कलम २५८ खाली कायम आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली, तेथे १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्यांच्या निवेदनाचा शिलालेख बसविण्यात आला. दावर यांनी जी वाक्ये आपल्या निकालात विचारातही घेतली नाहीत, ती त्याच न्यायालयाने अठ्ठेचाळीस वर्षांनी संगमरवरात कोरली.